अवघड श्वसनमार्ग (भूलशास्त्र)

अवघड श्वसनमार्ग ही भूलशास्त्रातील एक संज्ञा आहे. प्रशिक्षित व अनुभवी भूलतज्ज्ञालाही ज्या रुग्णाला मुखवट्याद्वारे प्राणवायू देणे, घशात श्वसनसाधन बसवणे, श्वासनलिकेत नळी घालणे किंवा गळ्याच्या पुढील बाजूने श्वासमार्ग उघडणे यांपैकी एक वा अधिक गोष्टी कठीण जातात, त्या रुग्णाचा श्वसनमार्ग अवघड आहे असे म्हणतात. शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिल्यानंतर रुग्णाचा स्वतःचा श्वास मंदावतो किंवा थांबतो. त्यामुळे फुप्फुसांपर्यंत प्राणवायू पोहोचवण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञावर येते. हे काम काही मिनिटांत साधले नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते किंवा रुग्णाचा मृत्यू ओढवू शकतो. म्हणून श्वसनमार्गाचे व्यवस्थापन हा भूलशास्त्राचा गाभा समजला जातो.

महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, या विषयाला वेगळे महत्त्व आहे. सुपारी व तंबाखूपासून तयार होणाऱ्या खर्ऱ्याच्या सेवनामुळे तोंड उघडण्याची क्षमता कमी होते, आणि असा रुग्ण कोणत्याही कारणाने शस्त्रक्रियेसाठी आला तरी त्याचा श्वसनमार्ग अवघड ठरतो.

शरीररचना व कार्य

नाक व तोंड यांतून आत गेलेली हवा घशातून स्वरयंत्रात, तेथून श्वासनलिकेत व पुढे फुप्फुसांत जाते. स्वरयंत्राच्या वर एपिग्लॉटिस नावाचे पानाच्या आकाराचे झाकण असते. गिळताना ते स्वरयंत्राचे रक्षण करते. स्वरयंत्राच्या लगेच मागे अन्ननलिकेचे तोंड असते. या निकटतेमुळेच श्वासनलिकेसाठी असलेली नळी चुकून अन्ननलिकेत जाण्याचा धोका राहतो.

जागृतावस्थेत जीभ व घसा यांचे स्नायू ताठ राहून हवेचा मार्ग मोकळा ठेवतात. भुलीच्या औषधांनी हे स्नायू सैल पडतात, जीभ व मृदू टाळू मागे ढळतात आणि मार्ग बंद होतो. खोकला व गिळणे या संरक्षक क्रियाही थांबतात. अशा वेळी जठरातील अन्न किंवा आम्ल वर येऊन फुप्फुसांत उतरल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९४६ मध्ये अमेरिकेतील डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांमधील या विकाराचे वर्णन केले. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी राहण्यास सांगतात ते याच कारणासाठी. सर्वसाधारण नियमानुसार हलके घन अन्न सहा तास, आईचे दूध चार तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद केले जाते.

प्रौढ व्यक्तीचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते. साध्या हवेवर असलेल्या माणसाच्या फुप्फुसांतील साठा एक-दोन मिनिटांतच अपुरा पडू लागतो. भूल देण्यापूर्वी तीन मिनिटे शुद्ध प्राणवायू श्वासावाटे दिला, तर फुप्फुसांतील नायट्रोजनची जागा प्राणवायू घेतो आणि निरोगी प्रौढाला श्वास थांबल्यानंतर सुमारे आठ मिनिटांचा अवधी मिळू शकतो. लठ्ठ व्यक्ती, गर्भवती स्त्रिया, लहान मुले व तापाने आजारी रुग्ण यांच्यात हा अवधी बराच कमी असतो. भूलतज्ज्ञाला निर्णय घेण्यासाठी मिळणारा वेळ म्हणजे हाच अवधी होय.

इतिहास

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, २२ मार्च १८४७ रोजी, कलकत्ता येथे ईथरचा वापर झाला. त्याच वर्षी एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीचा पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेवेळी क्लोरोफॉर्मखाली मृत्यू झाला. भूल ही शस्त्रक्रियेपेक्षाही अधिक धोकादायक ठरू शकते, हे या घटनेने जगाच्या लक्षात आणून दिले.

क्लोरोफॉर्मने मृत्यू होतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, हा वाद पुढे अनेक दशके चालला. त्याचा निर्णय करण्यासाठी निजामाच्या हैदराबाद संस्थानात १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. मराठवाडा त्या काळी याच संस्थानाचा भाग होता. शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी हे या कामाचे प्रमुख होते, आणि भूल देण्याचे काम करणाऱ्या आद्य स्त्रियांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दुनजी यांचे नाव याच हैदराबादशी जोडलेले आहे. प्राण्यांवरील शेकडो प्रयोगांवरून आयोगाने असा निष्कर्ष काढला की, श्वास आधी थांबतो व हृदय नंतर, म्हणून भूल देणाऱ्याने सतत श्वासाकडे लक्ष ठेवावे. क्लोरोफॉर्म हृदयावरही थेट घातक परिणाम करू शकते, हे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले. त्यामुळे आयोगाचा निष्कर्ष अपुरा ठरला. मात्र श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा त्याचा आग्रह भूलशास्त्रात कायमचा रुजला.

भूल देण्यासाठी तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रयोग ग्लासगो येथील विल्यम मॅक्युएन यांनी १८७८ मध्ये केला. रुग्णाच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग होता. मॅक्युएन यांनी रुग्ण जागा असतानाच बोटांच्या स्पर्शाने नळी आत सरकवली व नंतर क्लोरोफॉर्म दिले. म्हणजे या पद्धतीची सुरुवातच एका अवघड श्वसनमार्गापासून झाली. १८९५ मध्ये बर्लिनचे आल्फ्रेड किर्श्टाइन यांनी स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहण्याचे उपकरण तयार केले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील सिडकप येथे चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. तेथे आयव्हन मॅगिल व स्टॅन्ली रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालण्याचे तंत्र विकसित केले. आर्थर ग्वेडेल व राल्फ वॉटर्स यांनी १९२८ मध्ये फुगा असलेली नळी वर्णिली. १९४१ मध्ये रॉबर्ट मिलर यांचे सरळ पाते व १९४३ मध्ये रॉबर्ट मॅकिन्टॉश यांचे वक्र पाते असलेले लॅरिंगोस्कोप आले. दोन्ही पाती आजही वापरात आहेत.

१९४२ मध्ये माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे हे स्नायू शिथिल करणारे औषध वापरले. यामुळे शस्त्रक्रिया सुकर झाली. पण रुग्णाचा श्वास पूर्णपणे थांबवून तो भूलतज्ज्ञाच्या हाती सोपवण्याची प्रथाही येथूनच रूढ झाली. १९६७ मध्ये पीटर मर्फी यांनी लवचीक प्रकाशतंतू दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घातली. आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये प्रथम वापरलेला व १९८३ मध्ये वर्णिलेला लॅरिंजियल मास्क स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. त्यामुळे श्वासनलिकेत न शिरताही भूल देणे शक्य झाले. २००१ पासून व्हिडिओ लॅरिंगोस्कोप बाजारात उपलब्ध झाले.

भारतात भूलतज्ज्ञांची इंडियन सोसायटी ऑफ अॅनेस्थेशिऑलॉजिस्ट्स ही संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९५३ पासून तिचे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले.

पूर्वतपासणी

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रुग्णाला तोंड उघडण्यास, जीभ बाहेर काढण्यास व मान मागे झुकवण्यास सांगतात. या साध्या कृतींमागे पुढील निकष असतात :

• तोंडाची उघड – वरच्या व खालच्या पुढच्या दातांत रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावणे अपेक्षित असते. हे अंतर तीन सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास अडचण संभवते.
• मल्लंपाटी वर्ग – भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ शेषगिरीराव मल्लंपाटी यांनी १९८५ मध्ये बॉस्टन येथील अभ्यासावरून ही चाचणी मांडली. जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ व टाळूच्या कमानी किती दिसतात यावरून तीन वर्ग पाडले गेले. १९८७ मध्ये सॅमसून व यंग यांनी चौथा वर्ग जोडला.
• हनुवटी ते कंठमणी अंतर – मान मागे झुकवून मोजलेले हे अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास जिभेला सरकण्यास जागा अपुरी पडते.
• वरचा ओठ चावण्याची चाचणी – खालच्या दातांनी वरचा ओठ चावता येणे हे जबडा पुढे सरकू शकत असल्याचे लक्षण आहे.
• मानेची हालचाल व घेर, दातांची स्थिती, पूर्वीची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, घोरणे व पूर्वी भूल देताना आलेली अडचण.

लॅरिंगोस्कोपने स्वरयंत्राचा किती भाग दिसला, याची प्रतवारी १९८४ मध्ये कॉरमॅक व लेहेन यांनी केली. पहिल्या प्रतीत स्वरद्वार पूर्ण दिसते, तर चौथ्या प्रतीत एपिग्लॉटिसही दिसत नाही.

या चाचण्या किती विश्वासार्ह आहेत, यावर बरेच संशोधन झाले आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५ अभ्यासांच्या व ५०,७६० रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात मल्लंपाटी चाचणीने अवघड ठरलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मेच आधी ओळखले होते. २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेत १३३ अभ्यास व आठ लाखांहून अधिक रुग्ण समाविष्ट होते. तिच्यातही एकही चाचणी एकटी पुरेशी आढळली नाही. डेन्मार्कमधील १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदींवर आधारित २०१५ च्या अभ्यासात नळी घालणे कठीण गेलेल्यांपैकी ९३ टक्के रुग्णांबाबत तशी पूर्वकल्पना नव्हती. म्हणून तपासणी सर्वसाधारण आली तरी पर्यायी योजना तयार ठेवावी, असा नियम रूढ झाला.

विदर्भ, खर्रा व बंद होणारे तोंड

नागपूर शहर, कोराडी, कामठी तसेच वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ आदी भागांत पानठेल्यांवर खर्रा मिळतो. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटले जातात. हे मिश्रण गालात धरून चघळण्याची सवय असते. पश्चिम महाराष्ट्रात अशाच मिश्रणाला मावा म्हणतात. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते, आणि त्यांत धूम्रपानापेक्षा धूररहित तंबाखूचे प्रमाण कितीतरी अधिक होते. राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली.

सुपारीतील अॅरेकोलिन हे द्रव्य व तिच्यातील तांबे यांच्यामुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊती साचत जाते. गाल कडक होतात, त्यांत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, तिखट सोसवत नाही आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. या विकाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील भारतीय स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन केले. १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांची नोंद करून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला मानवात कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ ठरवले आहे. म्हणजे तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तरी धोका टळत नाही. केरळमध्ये १७ वर्षे चाललेल्या एका पाठपुरावा अभ्यासात या विकाराच्या ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये नोंदले गेले.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील व्ही. के. हजारे व सहकाऱ्यांनी मध्य भारतातील अशा १,००० रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दर एका स्त्रीमागे सुमारे पाच पुरुष रुग्ण होते. रुग्णसंख्येच्या दृष्टीने हा या विकारावरील मोठ्या अभ्यासांपैकी एक आहे.

भूलशास्त्राच्या दृष्टीने या विकाराचे गांभीर्य पुढीलप्रमाणे आहे. घशात सूज किंवा गळू झाल्याने वेदनेमुळे तोंड उघडत नसेल, तर भूल दिल्यावर स्नायू सैल होऊन ते काही वेळा उघडते. तंतुमय पट्ट्यांमुळे आखडलेले तोंड मात्र भूल किंवा स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यानंतरही उघडत नाही, कारण अडथळा स्नायूंचा नसून ऊतींचा असतो. लॅरिंगोस्कोपचे पाते आत जात नाही. एरवी संकटात उपयोगी पडणारा लॅरिंजियल मास्कही दातांमधून सरकत नाही. म्हणजे पहिला उपाय ज्या कारणाने फसतो, त्याच कारणाने दुसराही फसतो. तोंडात रक्त किंवा उलटी साचल्यास ती शोषून काढणेही अवघड होते.

हा धोका केवळ तोंडाच्या शस्त्रक्रियेपुरता मर्यादित नाही. अपघातात हाड मोडलेला, आंत्रपुच्छाच्या दाहाने तातडीने दाखल झालेला किंवा हर्नियासाठी आलेला तरुणही खर्ऱ्यामुळे दोन बोटेही तोंड उघडू न शकणारा असू शकतो. पाठीच्या कण्यातील भूल हा अशा वेळी चांगला पर्याय ठरतो. पण ती अपुरी पडल्यास किंवा शस्त्रक्रिया लांबल्यास पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून श्वसनमार्गाची योजना आधीच ठरवणे आवश्यक असते.

अशा रुग्णात सर्वाधिक सुरक्षित मानली जाणारी पद्धत म्हणजे रुग्ण जागा असताना नाकावाटे लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालणे. नाक, घसा व स्वरयंत्र यांना लिग्नोकेनने बधिर करतात, रुग्णाला सौम्य गुंगी देतात, दुर्बीण स्वरयंत्रातून श्वासनलिकेत नेतात व तिच्यावरून नळी सरकवतात. रुग्ण स्वतः श्वास घेत राहतो, हे या पद्धतीचे मुख्य बळ होय. दुर्बीण उपलब्ध नसेल तेथे नाकावाटे श्वासाच्या आवाजाच्या आधाराने नळी घालणे, गळ्यातून वर तार सरकवून तिच्यावरून नळी नेणे किंवा स्थानिक भुलीखाली श्वासनलिकेला छेद देणे हे पर्याय वापरले जातात.

मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तोंड, जीभ व घसा यांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात. गाठीमुळे अरुंद झालेला, किरणोपचाराने ताठरलेला किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेने बदललेला श्वसनमार्ग हा तेथील भूलतज्ज्ञांच्या दैनंदिन कामाचा भाग आहे. या विषयावरील भारतीय संशोधनात या संस्थेचा वाटा लक्षणीय आहे.

मार्गदर्शक तत्त्वे

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ संघटनेने १९९३ मध्ये व ब्रिटनमधील डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २००४ मध्ये या विषयावरील तत्त्वे प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. भारतात ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने डिसेंबर २०१६ मध्ये इंडियन जर्नल ऑफ अॅनेस्थेशियात पाच स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या. प्रौढ, गर्भवती स्त्रिया, मुले, अतिदक्षता विभागातील रुग्ण आणि शस्त्रक्रियेनंतर नळी काढणे असे त्यांचे विषय आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालयातील शीला नैनन मायत्रा व जिगीषू दिवाटिया यांचा या कामात सहभाग होता.

प्रौढांसाठीच्या मार्गदर्शिकेतील क्रम थोडक्यात असा आहे :

• पहिली पायरी – भूल देण्यापूर्वी भरपूर प्राणवायू द्यावा आणि नळी घालण्याच्या प्रयत्नांच्या काळात नाकावाटे मिनिटाला १५ लिटर प्राणवायू चालू ठेवावा. नळी घालण्याचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न करावेत. रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ९५ टक्के किंवा अधिक असेल तरच पुढचा प्रयत्न करावा.
• दुसरी पायरी – नळी न गेल्यास लॅरिंजियल मास्कसारखे साधन बसवण्याचे जास्तीत जास्त दोन प्रयत्न करावेत. ते यशस्वी झाल्यास रुग्णाला जागे करणे, तसेच शस्त्रक्रिया करणे किंवा त्या साधनातून नळी घालणे यांपैकी निर्णय घ्यावा.
• तिसरी पायरी – तेही न जमल्यास स्नायू शिथिल असल्याची खात्री करून मुखवट्याद्वारे प्राणवायू देण्याचा एक अंतिम प्रयत्न करावा.
• चौथी पायरी – प्राणवायू पोहोचतच नसेल, तर विलंब न लावता कंठमण्याच्या खालील क्रिकोथायरॉइड पडद्यातून श्वासमार्ग उघडावा.

प्रत्येक टप्प्यावर मदतीसाठी हाक देणे व घडलेल्या अडचणीची लेखी नोंद करून ती रुग्णाला देणे यांवरही भर आहे. प्रयत्नांची संख्या मर्यादित ठेवण्यामागचे कारण असे की, प्रत्येक प्रयत्नाने घशाला इजा होऊन सूज व रक्तस्राव वाढतो, आणि आरंभी मुखवट्याने देता येणारा प्राणवायूही पुढे देता येईनासा होतो.

संशोधनातील प्रमुख टप्पे

ब्रिटनमधील चौथी राष्ट्रीय पाहणी – २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत एका वर्षातील सुमारे २९ लाख पूर्ण भुलींच्या पार्श्वभूमीवर श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांचा अभ्यास झाला. भुलीच्या संदर्भात अशा १३३ घटना व १६ मृत्यू नोंदले गेले. साधारणपणे २२,००० भुलींमागे एक गंभीर घटना असे हे प्रमाण होते. अपुरे मूल्यमापन, पर्यायी योजनेचा अभाव व फसलेल्या प्रयत्नाचीच पुनरावृत्ती ही कारणे वारंवार आढळली. अतिदक्षता विभागातील श्वसनमार्गाशी निगडित मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक घटनांत कॅप्नोग्राफ न वापरणे हा घटक कारणीभूत असल्याचे मत नोंदवले गेले. कॅप्नोग्राफ उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवतो. नळी अन्ननलिकेत गेली असल्यास हा आलेख उमटत नाही, म्हणून नळी योग्य जागी असल्याची ती सर्वांत खात्रीची खूण मानली जाते.

क्रिकॉइड दाब – गळ्यातील क्रिकॉइड कूर्चेवर बोटांनी दाब देऊन अन्ननलिका बंद ठेवण्याची पद्धत ब्रायन सेलिक यांनी १९६१ मध्ये सुचवली. जवळजवळ सहा दशके ती प्रमाणित चाचणीविना वापरली गेली. फ्रान्समधील दहा केंद्रांत ३,४७२ रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरा दाब व दिखाऊ दाब यांची तुलना झाली. जठरातील द्रव फुप्फुसांत जाण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे ०.६ व ०.५ टक्के होते. मात्र अशा घटना मुळातच विरळ असल्याने दिखाऊ दाब खऱ्या दाबापेक्षा कमी सुरक्षित नाही, हे संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध होऊ शकले नाही. त्यामुळे मतभेद कायम राहिले.

उच्च प्रवाहाचा प्राणवायू – २०१५ मध्ये लंडनमधील अनिल पटेल व रेझा नूराई यांनी अवघड श्वसनमार्ग असलेल्या २५ रुग्णांत नाकावाटे उष्ण, दमट व उच्च प्रवाहाचा प्राणवायू वापरला. श्वास थांबल्यानंतरच्या सुरक्षित अवधीचा मध्यांक १४ मिनिटे होता.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप – २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत २२२ अभ्यास व २६,१४९ रुग्णांचा विचार झाला. नेहमीच्या लॅरिंगोस्कोपच्या तुलनेत या साधनाने नळी न जाण्याचे प्रमाण कमी होते व स्वरयंत्र अधिक स्पष्ट दिसते, असा निष्कर्ष निघाला. तथापि पाते आत जाण्याइतके तोंड उघडणे याही साधनाला आवश्यक असल्याने सबम्यूकस फायब्रोसिसच्या तीव्र अवस्थेत त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

अत्यवस्थ रुग्ण – २९ देशांतील २,९६४ अत्यवस्थ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी घालताना किंवा त्यानंतर लगेच ४५.२ टक्के रुग्णांत किमान एक गंभीर घटना घडली, आणि रक्ताभिसरण कोसळणे ही त्यांतील सर्वाधिक आढळणारी घटना होती. शीला नैनन मायत्रा या अभ्यासाच्या सहलेखिका होत्या.

संशोधनाच्या मर्यादा व नीतिनियम

श्वसनमार्गावरील चिकित्सालयीन संशोधन काही कारणांनी कठीण आहे. मृत्यू किंवा मेंदूची इजा या घटना विरळ असल्याने त्यांचे प्रमाण मोजण्यासाठी लाखो रुग्ण लागतात. म्हणून बहुतेक चाचण्यांत नळी घालण्यास लागलेला वेळ, पहिल्याच प्रयत्नातील यश किंवा दिसलेले दृश्य अशा अप्रत्यक्ष निकषांवर भर असतो. नळी काही सेकंद लवकर गेली म्हणून रुग्ण अधिक सुरक्षित झाला असे म्हणता येत नाही. अनेक चाचण्यांतून ज्यांचा श्वसनमार्ग अवघड वाटतो असे रुग्ण सुरक्षिततेसाठी वगळले जातात. त्यामुळे ज्यांना उत्तराची सर्वाधिक गरज असते त्यांच्याविषयीच पुरावा अपुरा राहतो. चाचणी करणाऱ्याला कोणते साधन हाती आहे हे लपवता येत नाही, ही आणखी एक अडचण होय. प्राणवायू पूर्णपणे बंद पडण्याच्या संकटात तर रुग्णांची गटवार विभागणी करणे नैतिकदृष्ट्या अशक्य असते. तेथे दुर्घटनांच्या नोंदी, पुतळ्यांवरील सराव व तज्ज्ञांचे एकमत यांवर विसंबावे लागते.

भारतात अशा चाचण्यांना संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची माहितीपूर्ण संमती आवश्यक असते. २००७ मध्ये सुरू झालेल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या नोंदवहीत चाचणीची नोंद केली जाते. वैद्यकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून या विषयावरील स्थानिक माहिती जमा होत असते.

मानवी घटक

२००५ मध्ये ब्रिटनमध्ये नाकाच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या एका निरोगी महिलेचा श्वसनमार्ग उघडता न आल्याने तिचा मृत्यू झाला. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याच्या प्रयत्नांत इतके गुंतले की, गेलेला वेळ त्यांच्या ध्यानात आला नाही. परिचारिकांना धोका जाणवला होता, परंतु त्यांचे म्हणणे पुढे आले नाही. त्या महिलेचे पती मार्टिन ब्रोमिली हे वैमानिक होते. विमानवाहतुकीत दुर्घटनांतून शिकण्याची जी पद्धत आहे ती वैद्यकक्षेत्रात यावी, यासाठी त्यांनी क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप स्थापन केला. तेव्हापासून श्वसनमार्गाच्या प्रशिक्षणात हस्तकौशल्याबरोबर संघभावना, स्पष्ट संवाद व थांबून विचार करणे यांचा समावेश होऊ लागला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत भूल देण्यापूर्वीच रुग्णाचा श्वसनमार्ग अवघड आहे काय, हा प्रश्न मोठ्याने विचारण्याची तरतूद आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांत झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही यादी वापरल्यानंतर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

रुग्णांच्या दृष्टीने महत्त्व

भूलतज्ज्ञाला आधी माहिती मिळाल्यास अवघड श्वसनमार्गाचे संकट मोठ्या प्रमाणात टाळता येते. खर्रा, गुटखा किंवा सुपारीची सवय, तोंड कमी उघडणे, झोपेत श्वास अडकणे, हलणारे किंवा कृत्रिम दात, मानेवरील किरणोपचार व पूर्वीच्या भुलीतील अडचण या बाबी रुग्णाने किंवा नातेवाइकांनी न लपवता सांगणे हिताचे असते. उपाशी राहण्याच्या सूचनेचे पालनही तितकेच आवश्यक आहे. पूर्वी नळी घालताना अडचण आल्याचा दाखला मिळाला असल्यास तो जपून ठेवून प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी दाखवावा, अशी शिफारस केली जाते. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये साचलेली तंतुमय ऊती पूर्णपणे नाहीशी होत नाही. मात्र सुपारी सोडल्यास विकाराची वाढ रोखण्यास मदत होते. तोंडात दोन बोटे मावेनाशी होणे ही दंतवैद्याकडे जाण्याची खूण समजली जाते.

हे सुद्धा पहा

• भूलशास्त्र
• श्वसनसंस्था
• लॅरिंगोस्कोप
• ओरल सबम्यूकस फायब्रोसिस
• टाटा मेमोरियल रुग्णालय